घाटावरची फुले, कोकणातला मांडव

रत्नागिरी शहराकडून येणारा रस्ता हातखंब्याच्या तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो, पालीपर्यंत त्याच्याच सोबतीने जातो आणि तेथून फुटून नाणीज, साखरपा असे करीत आंबा घाट चढून कोल्हापूरला पोहोचतो. रत्नागिरी तालुक्यातील लग्नसमारंभांच्या दृष्टीने या भूगोलाला मोठे महत्त्व आहे, कारण आज येथील व्यासपीठांवर दिसणारी फुले बहुतांशी या तालुक्यात उमललेली नसतात. गुलाब, जरबेरा, शेवंती आणि झेंडू घाट उतरून येतात, तर ऑर्किड आणि लिलीसारखी महागडी फुले मुंबईच्या दादर बाजारातून महामार्गाने किंवा रेल्वेने येतात. ज्या प्रदेशात घराघराच्या परड्यात अबोली, मोगरा, सोनचाफा आणि बकुळ फुलते, त्या प्रदेशाने लग्नासाठी फुले बाहेरून मागवावीत, हा गेल्या एक-दोन पिढ्यांतील बदल आहे. त्यामागची कारणे खरी आहेत, पण त्यातून निर्माण झालेल्या अडचणीही तितक्याच खऱ्या आहेत, कारण घाटावरच्या किंवा महानगरातल्या हवेसाठी आखलेला समारंभ कोकणच्या दमट उकाड्यात जसाच्या तसा उभा राहू शकत नाही.

विवाहविधी आटोपल्यावर वधूवरांनी व्यासपीठावर बसावे आणि निमंत्रितांनी त्यांना भेटून, शुभेच्छा देऊन जेवावे, हे स्वागत समारंभाचे आजचे रूप फार जुने नाही. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात मराठी शहरी समाजात पानसुपारीचा समारंभ असे. त्यात निमंत्रितांना अत्तर लावले जाई, गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडले जाई, हारतुरे आणि विडा दिला जाई, आणि भोजनाचा त्याच्याशी संबंध असेच असे नाही. खेड्यात तर वेगळ्या समारंभाची गरजच नव्हती, कारण मांडवातली पंगत हेच स्वागत होते. कोकणी मुस्लिम कुटुंबांत निकाहनंतर वरपक्षाकडून दिली जाणारी वलीम्याची मेजवानी ही मात्र जुनी, धर्माने सांगितलेली आणि स्वतंत्र अशी स्वागताची परंपरा आहे, आणि रत्नागिरी जिल्ह्यात ती मोठ्या प्रमाणावर पाळली जाते.

मांडव घालणे हे वाडीचे काम होते. उंबराची फांदी बांधून मुहूर्तमेढ रोवली की वाडीतले पुरुष बांबू आणि पोफळीचे सोट उभे करीत, माडाच्या झावळ्यांची विणलेली झापे वर घालीत, दाराशी केळीचे खांब आणि आंब्याचे टाळे बांधीत, आणि बायका तांदूळ निवडण्यापासून वाटण वाटण्यापर्यंतची कामे आपसांत वाटून घेत. मोठी भांडी बहुधा वाडीची सामाईक असत. या श्रमाचा मोबदला पैशांत दिला जात नसे. ज्याने आज मांडव घातला त्याच्या घरच्या कार्याला आपण उभे राहायचे, एवढाच तो व्यवहार होता. ही व्यवस्था मोडण्याचे कारण म्हणून बदललेल्या आवडीकडे बोट दाखवले जाते, पण मुख्य कारण मनुष्यबळाचे आहे. मुंबईच्या गिरण्या, गोदी आणि नंतर कचेऱ्या यांनी कोकणातली तरणी माणसे ओढून नेली, वाडीत वृद्ध उरले, आणि चाकरमानी मुलाचे लग्न ठरले की चार दिवसांच्या रजेत झापे विणायला कोणाला बोलवावे, हा प्रश्न उभा राहिला. मंगल कार्यालय, मंडपवाले, आचारी आणि वाढपी यांनी ती रिकामी जागा भरून काढली, आणि अलीकडे या सर्वांना एका सूत्रात बांधून देणारा, इव्हेंटवाला या नावाने ओळखला जाणारा व्यावसायिक नियोजक तिच्यात आला.

फुलांच्या बाबतीत देश आणि कोकण यांच्यात पूर्वीपासून फरक होता. पुण्यासारख्या शहरात फुलांचा व्यापार पेशवाईपासून स्थिरावलेला होता. महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याला पेशव्यांकडे फुले पुरविण्याच्या कामावरूनच ते आडनाव मिळाले. पुढे याच जोतीरावांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, अवाजवी खर्च आणि मध्यस्थ पुरोहित दोन्ही वगळून लागलेल्या पहिल्या सत्यशोधक विवाहाला पाठबळ दिले. कोकणात मात्र फुलांचा असा बाजार उभा राहिला नाही, कारण फूल ही विकत घेण्याची वस्तूच नव्हती. देवाची फुले परड्यातून येत, देवळाची फुले गुरव आणी, आणि लग्नघरची वेणी शेजारपाजारच्या अंगणांतून गोळा होई.

या परड्यातल्या फुलांचे गुणधर्म नीट पाहिले म्हणजे त्यांचा लग्नातला जुना उपयोग किती विचारपूर्वक ठरला होता हे लक्षात येते. अबोलीला वास नाही, पण तिचा केशरी रंग उन्हात आणि घामात टिकतो आणि ती तोडल्यावर लवकर मान टाकत नाही, म्हणून दिवसभर डोक्यात राहणाऱ्या वेणीसाठी ती निवडली गेली. सुरंगी वेंगुर्ल्याकडच्या भागात विशेष करून आढळते, फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत फुलते आणि तिच्या कळ्या उमलण्यापूर्वी भल्या पहाटे झाडावर चढून काढाव्या लागतात. उन्हे वर आली की कळी उघडते आणि वळेसर ओवण्याजोगी राहत नाही. वळेसर म्हणजे दोऱ्यात गुंफलेली, केसांत माळण्याची फुलांची सर. बकुळीची फुले झाडाखाली पडलेली वेचतात आणि ती वाळली तरी त्यांचा वास राहतो, म्हणून बकुळीची माळ आदल्या दिवशी ओवून ठेवली तरी चालते. मोगऱ्याची कळी सकाळी तोडली की संध्याकाळी उमलते आणि तोडल्यावरही तिचा सुगंध निर्माण होत राहतो. संध्याकाळच्या समारंभासाठी याहून सोयीचे फूल शोधून सापडणार नाही. कोकणी मुस्लिम नवरदेवाच्या चेहऱ्यावर सोडलेला सेहरा मोगरा आणि गुलाब यांचाच असतो. भेंड नावाच्या पाणवनस्पतीच्या पांढऱ्या, हलक्या गाभ्यापासून कापून काढलेले बाशिंग हेही एका अर्थाने न कोमेजणारे फूलच होते.

तरीही ही फुले आजच्या व्यासपीठावर का दिसत नाहीत, याचे उत्तर त्यांच्या देठांत आहे. अबोली, बकुळ, सुरंगी आणि मोगरा यांना देठ जवळजवळ नसतो. ती गुंफता येतात, पण फुलदाणीत किंवा चौकटीत उभी करता येत नाहीत. छायाचित्र आणि चलच्चित्रण हा समारंभाचा गाभा झाल्यापासून वधूवरांच्या पाठीमागे दहा-पंधरा फूट रुंदीची भिंत फुलांनी भरणे आवश्यक वाटू लागले, आणि अशा भिंतीसाठी लांब देठाचे, एकसारख्या आकाराचे आणि एकाच दिवशी हजारोंच्या संख्येने मिळणारे फूल लागते. ते हरितगृहातच तयार होते. हरितगृह म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या आच्छादनाखाली पाणी, खत, आर्द्रता आणि ऊन यांवर नियंत्रण ठेवून केलेली शेती. पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे आणि मावळचा परिसर हे तिचे महाराष्ट्रातील सर्वपरिचित केंद्र असून तेथे राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाने खास फुलशेतीसाठी क्षेत्र विकसित केले. कोकणात सुमारे चार महिने कोसळणारा पाऊस आणि हवेतील कायमची आर्द्रता यांमुळे बुरशीजन्य रोग बळावतात, आणि म्हणून गुलाबाची अशी शेती येथे घाटमाथ्याइतकी परवडत नाही.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. घाटावरून येणारे फूल परके आणि परड्यातले तेवढे आपले, अशी सरळ विभागणी करता येत नाही. ज्या झेंडूवाचून दसरा, तुळशीचे लग्न किंवा मांडवाचे तोरण आज कल्पनेत येत नाही, तो मूळचा मेक्सिकोकडचा आणि पोर्तुगीजांच्या काळात भारतात रुळलेला. निशिगंधाचे मूळही मेक्सिकोच, आणि शेवंती चीनमधली. जरबेरा दक्षिण आफ्रिकेतून आला म्हणून तो लग्नात नको, असे म्हणण्याला त्यामुळे आधार राहत नाही. प्रश्न फुलाच्या कुळाचा नसून हातखंब्याच्या हवेत मे महिन्याच्या दुपारी ते किती तास उभे राहील, याचा आहे.

तोडलेले फूल जिवंत असते. ते श्वसन करते, साठवलेली साखर वापरते आणि पानाफुलांतून पाणी गमावते; तापमान जितके अधिक तितका हा खर्च वेगाने होतो. म्हणून गुलाब तोडल्याबरोबर २ ते ४ अंश सेल्सिअसला थंड करतात आणि शक्यतो तसाच प्रवास घडवतात. सगळ्या फुलांना मात्र एवढी थंडी मानवत नाही. अँथुरियम आणि बहुतेक ऑर्किड उष्ण प्रदेशांतील असल्याने १२-१३ अंशांच्या खाली ठेवल्यास काळवंडतात, आणि म्हणून एकाच शीतपेटीत सगळी फुले कोंबणे ही चूक ठरते. माल पोहोचल्यावर देठाचे टोक पाण्याखाली धरून तिरके कापावे लागते, कारण देठातल्या बारीक नलिकांत हवेचा बुडबुडा शिरला की फूल पाण्यात उभे असूनही तहानेने मान टाकते. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकतात, अन्यथा ती कुजून जिवाणू वाढतात आणि त्याच नलिका बुजतात. जरबेराचा देठ पोकळ आणि मऊ असल्यामुळे त्याला उथळ पाणीच लागते.

रत्नागिरीत आणखी एक धोका आहे, जो पुण्याच्या सजावटकाराच्या ध्यानात येत नाही. लग्नांचा मोठा हंगाम आणि हापूसचा हंगाम एकाच वेळी येतो आणि लग्नघरात, कार्यालयाच्या कोठीत किंवा मागच्या पडवीत आंब्याची अढी घातलेली असते. पिकणारा आंबा इथिलीन नावाचा वायू सोडतो. तोच वायू इतर फळांना पिकवतो आणि फुलांना अकाली म्हातारे करतो. कार्नेशन आणि ऑर्किड त्याला विशेष बळी पडतात. कार्नेशनच्या पाकळ्या आत वळून मिटतात आणि ऑर्किडची फुले गळतात. पहाटे घाट उतरून आलेल्या फुलांच्या पेट्या थंड जागा म्हणून आंब्याच्या खोलीत ठेवल्या, तर संध्याकाळी झालेल्या नुकसानीचे खापर फुलवाल्यावर फुटते आणि खरे कारण शेजारच्या पेंढ्यात दडून राहते.

फुले उभी करण्यासाठी सध्या सर्रास वापरला जाणारा हिरवा स्पंज १९५४ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात व्हर्नन स्मिदर्स यांनी शोधला आणि तो ओॲसिस या व्यापारी नावाने जगभर पसरला. तो पाणी धरून ठेवतो, फुलाला हव्या त्या कोनात पकडतो, आणि त्यामुळे सजावटीचे स्वरूपच पालटले. परंतु तो एक प्रकारचे प्लास्टिक असून कुजत नाही, त्याचा भुगा होऊन मातीत आणि पाण्यात जातो. कोकणातल्या कारागिराजवळ त्याहून जुना उपाय आहे. केळीचा सोट थरांथरांचा, पाण्याने गच्च भरलेला आणि सहज टोचता येण्याजोगा असतो. त्यात खोचलेले फूल रात्रभर ताजे राहते आणि काम संपल्यावर सोटाचे खत होते. घड कापून घेतल्यावर केळ तशीही तोडूनच टाकायची असते, तेव्हा हा माल वाडीवाडीत फुकट किंवा नाममात्र दरात मिळतो. तो जड आहे आणि त्याचा रस कपड्यावर डाग पाडतो, हे त्याचे दोष मान्य करूनही जमिनीलगतच्या रचना, कमानींचे पाय आणि मेजांवरच्या मांडण्या यांसाठी त्याचा वापर पुन्हा सुरू होणे हातखंब्यासारख्या गावात अवघड नाही. व्यासपीठाची भिंत घाटावरच्या गुलाबांची आणि प्रवेशद्वार झावळ्या, पोफळीचे तुरे, केळीचे सोट आणि मोगऱ्याच्या सरांचे, अशी वाटणी केली तर खर्च उतरतो आणि पाहुण्यांच्या नजरेला पहिली भेट या भूमीचीच होते.

फुलांचे दर ठरतात ते पंचांगाने. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतचा चातुर्मास हिंदू विवाहांना वर्ज्य मानला जातो, तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त सुरू होतात आणि पौष किंवा गुरू-शुक्राचा अस्त अशा खंडांसह ते ज्येष्ठ-आषाढापर्यंत चालतात. मार्गशीर्षातल्या गुरुवारांना घरोघरी पूजा असल्याने फुले महागतात. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात प्रेमदिनाच्या मागणीमुळे गुलाब परदेशांत आणि महानगरांत जातो, तेव्हा त्या दिवसांतील लग्नासाठी लाल गुलाबाचा हट्ट धरणे म्हणजे जाणूनबुजून चढा भाव देणे होय. अधिक महिन्यात मुहूर्त नसतात. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ मे महिन्याच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत येतो, म्हणजे चाकरमान्यांच्या सुट्टीचा उत्तरार्धच मुहूर्तांतून वगळला जातो आणि सगळी गर्दी एप्रिल आणि मेच्या पूर्वार्धात एकवटते. बौद्ध विवाहांना मुहूर्ताचे बंधन नाही; पांढरी वस्त्रे, तथागत आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमांपुढे वाहिलेली फुले आणि परस्परांना घातलेले हार एवढ्यावर हे विवाह संपन्न होतात, आणि कार्यालये रिकामी व फुले स्वस्त असलेल्या दिवशी ते ठरवणे या कुटुंबांना शक्य असते.

उघड्या हिरवळीवरच्या समारंभाला पावसाचा हिशेब चुकवता येत नाही. पाऊस सुरू होण्याची म्हणून ७ जून ही तारीख कोकणी मनात पक्की बसली आहे, पण १६ मे २०२१ च्या सुमारास तौक्ते चक्रीवादळ याच किनाऱ्याजवळून गेले आणि २०२५ मध्ये मोसमी पाऊस २५ मे रोजीच दक्षिण कोकणात दाखल झाला. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यातील समारंभासाठी छप्पर असलेली पर्यायी जागा आधीच बोलून ठेवणे ही आता अतिसावधगिरी राहिलेली नाही.

केकचा प्रश्न फुलांहून नाजूक आहे. लग्नाचा पांढरा, थराथरांचा केक ही पाश्चात्त्य प्रथा आजच्या रूपात व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून रूढ झाली. तिच्या १० फेब्रुवारी १८४० रोजी झालेल्या लग्नातील केकचे वजन ३०० पौंड, म्हणजे सुमारे १३६ किलो होते. अंड्याचा पांढरा भाग आणि दळलेली साखर घोटून केलेल्या, वाळल्यावर कठीण होणाऱ्या त्या शुभ्र लेपाला रॉयल आयसिंग म्हणतात. आतला केक सुक्या मेव्याचा आणि मद्यात मुरवलेला असल्यामुळे कित्येक महिने टिकत असे. मराठी मुलखात ही प्रथा प्रथम ख्रिस्ती समाजांत स्थिरावली. १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीजांच्या अमलाखाली राहिलेल्या वसई-साष्टीच्या पट्ट्यातील ईस्ट इंडियन कुटुंबांत लग्नाचा केक आणि उंबराचे पाणी आणण्याचा विधी शेजारी शेजारी नांदतात; ज्या उंबराची फांदी हातखंब्याच्या मुहूर्तमेढीला बांधतात, तोच हा उंबर आहे. मराठी हिंदू घरांत केक आधी वाढदिवसाला आला, मग साखरपुड्याला, आणि तेथून स्वागत समारंभाच्या व्यासपीठावर पोहोचला.

या प्रवासात त्याचा गाभाच बदलला. टिकाऊ मेव्याच्या केकची जागा हलक्या स्पंज केकने आणि कठीण लेपाची जागा मऊ क्रीमने घेतली, आणि नेमका हाच प्रकार किनारपट्टीच्या हवेला सर्वांत कमी मानवणारा आहे. रत्नागिरीत मे महिन्यात दुपारचे तापमान ३२-३३ अंशांच्या आसपास असते आणि हवा पाण्याने भरलेली असते. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळते, म्हणजे लोण्याच्या क्रीमने सजवलेला केक कोणत्याही क्षणी ढासळण्याच्या उंबरठ्यावर उभा असतो. बाजारात फ्रेश क्रीम या नावाने मिळणारे बहुतेक क्रीम दुधाचे नसून वनस्पती तेल गोठवून आणि फेसून केलेले असते. ते खऱ्या सायीपेक्षा तग धरते, तरी २५ अंशांपुढे मऊ पडू लागते. साखरेच्या लगद्याची पातळ पोळी लाटून केकवर चढवलेल्या आवरणाला फाँडंट म्हणतात. ते उष्णतेत वितळत नाही, परंतु हवेतले पाणी शोषून चिकट होते, आणि शीतकपाटातून एकदम दमट हवेत आणल्यास त्यावर दव साचून रंग ओघळतात. त्यातील काही प्रकारांत प्राण्यांपासून मिळणारे जिलेटिन असते, ही गोष्ट शाकाहारी कुटुंबांना सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य मानले पाहिजे. बिनअंड्याचा केक मागितला म्हणजे तो पूर्ण शाकाहारी झाला असे होत नाही. बिनअंड्याच्या केकला दही किंवा आटवलेले दूध आणि सोडा यांनी फुगवतात, त्याची वीण अंड्याच्या केकहून ठिसूळ असते, आणि म्हणून त्याचे एकावर एक थर रचताना आतून दांड्यांचा आधार आणि प्रत्येक थराखाली घट्ट पुठ्ठा लागतोच.

यावर जाणत्या केककारांनी शोधलेला मार्ग साधा आहे. व्यासपीठावर कापण्यासाठी एक किंवा दोन थरांचा लहान, देखणा केक असावा, तो कापण्याच्या वेळेआधी फार तर अर्धा तास बाहेर काढावा, आणि वाटण्यासाठीचा केक स्वयंपाकघरात सपाट ताटांत, फारशा सजावटीशिवाय ठेवावा. ५०० माणसांना प्रत्येकी ५० ग्रॅम द्यायचा तर २५ किलो केक लागतो. एवढे वजन उंच मनोऱ्यात रचून रत्नागिरीहून हातखंब्याच्या चढउतारांवरून नेण्यापेक्षा ताटांत आणणे शहाणपणाचे ठरते. केकवर खरी फुले लावण्याची पद्धत वाढली आहे, तिच्याबाबत सावधगिरी हवी. कण्हेर विषारी आहे, पांढऱ्या चाफ्याचा चीक त्वचेला झोंबतो, आणि बाजारातला गुलाब कीटकनाशकांनी फवारलेला असतो. अंगणातल्या, औषध न मारलेल्या देशी गुलाबाच्या पाकळ्या तेवढ्या निर्धास्तपणे वापरता येतात.

कोकणाला भाजलेल्या गोड वडीची परंपरा नाही, असेही नाही. काकडीचा कीस, तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरे एकत्र करून जाड बुडाच्या भांड्यात, खाली विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवून भाजलेले धोंडस, म्हणजेच तवसळी, हा याच कुळातला पदार्थ आहे. त्यात क्रीम नाही, अंडे नाही, आणि संध्याकाळभर उघड्यावर राहिले तरी ते बिघडत नाही. गोव्यात नारळाच्या रसाची, थरावर थर भाजलेली बिबिंका लग्नाच्या मेजावर मानाने मांडली जाते. धोंडसाला रत्नागिरीच्या स्वागत समारंभात तसे स्थान अद्याप कोणी दिलेले दिसत नाही, आणि हे खरोखर खेदाचे आहे. पावसाळ्याअखेरीस निघणाऱ्या मोठ्या काकड्या लक्षात घेता तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्तांना ते सहज करता येईल.

फुले आणि केक डोळ्यांना दिसतात. न दिसणारे काम वेळापत्रकाचे असते. अनुभवी नियोजक समारंभाच्या घटकेपासून मागे मोजत जातो. सायंकाळी सात वाजता पाहुणे यायचे असतील तर व्यासपीठ पाचला पूर्ण हवे, म्हणजे फुले खोचण्याचे काम दुपारी बारा-एकला सुरू व्हायला हवे, म्हणजे देठ कापून पाणी पाजण्यासाठी माल पहाटे पोहोचायला हवा, आणि म्हणून गाडी मध्यरात्रीच कोल्हापूर सोडते. हातखंब्याच्या उतारावर अवजड वाहने उलटून महामार्ग तासन्‌तास बंद पडल्याचे प्रसंग घडलेले आहेत. केक, फुले आणि वऱ्हाड तिन्ही याच रस्त्याने यायचे असल्याने या हिशेबात दोन-तीन तासांची मोकळीक ठेवावीच लागते. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करण्याचे बंधन २००० सालच्या नियमांनी घातलेले आहे, तेव्हा उशीर झाला तर तो शेवटी कापला जातो तो पाहुण्यांच्या वेळेतून.

जेवणाचा हिशेब पानांवर होतो. आचारी किंवा केटरर दर ताटामागे भाव सांगतो, यजमान अमुक पाने नक्की असे सांगतो, आणि त्याहून अधिक पाने उठली तर जादा पैसे ठरतात. पंगतीत एकावेळी किती माणसे बसली हे मोजता येते, वाढप्याच्या हातावर नियंत्रण राहते आणि वृद्धांना बसून जेवता येते. बुफेत गर्दी लवकर हलते, पण पानावर टाकून दिलेल्या अन्नाचे प्रमाण वाढते. ज्यांची निम्मी मंडळी गावची आणि निम्मी मुंबईची आहेत, अशा कुटुंबांनी दोन्हींची सोय ठेवणे अधिक माणुसकीचे होते. निमंत्रितांची संख्या हा प्रतिष्ठेचा विषय मानला जातो. तरी २०२० मध्ये ५० आणि एप्रिल २०२१ मध्ये अवघ्या २५ माणसांची व दोन तासांची मर्यादा सरकारने घातली तेव्हाही लग्ने लागलीच. त्याच महिन्यांत हरितगृहांतील फुले शेतकऱ्यांना बांधावर फेकावी लागली, हे मात्र विसरता येण्यासारखे नाही.

दाराशी उभ्या राहून गजरे वाटणाऱ्या मुलींना एक सूचना आधीच द्यायला हवी, आणि ती कोणत्याही सजावटीइतकी महत्त्वाची आहे. विधवा स्त्रीला गजरा न देता पुढे जाऊ देण्याची जुनी रीत अजून अनेक समारंभांत न बोलता पाळली जाते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने तो कित्ता इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवला. येणाऱ्या प्रत्येक स्त्रीच्या हातात न विचारता गजरा द्यायचा, एवढे नियोजनाच्या कागदावर लिहून ठेवले तर मुलाच्या लग्नात त्याच्या आईला मागच्या रांगेत बसावे लागत नाही.

समारंभ संपल्यावरचे काम बहुधा कोणाच्याच वाट्याला दिलेले नसते. थर्माकोलच्या सजावटीवर आणि ताटांवर राज्यात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, त्यामुळे तो ढीग आता कमी झाला आहे. फुलांचा मात्र उरतो आणि तो बरेचदा जवळच्या वहाळात जातो. सजावटीचा करार करतानाच ती कोण उतरवणार आणि कोठे टाकणार हे लिहून घ्यावे, स्पंज आणि तारा वेगळ्या करून परत नेण्याची अट घालावी, आणि माळा सुती दोऱ्यात ओवून मागाव्यात. सुती दोऱ्यातल्या झेंडूच्या माळा माडाच्या आळ्यात तशाच पुरता येतात. नायलॉनच्या दोऱ्यातल्या आधी कापून सोडवाव्या लागतात, आणि मध्यरात्रीनंतर घाट चढून परत जायच्या घाईत असलेल्या कामगारांकडून ते काम होत नाही.